पदकाची दुसरी बाजू

पैसा हवेत उडवताना आपण "छापा की काटा?" असे विचारतो. त्या वेळी नाण्याला दोन बाजू असल्या म्हणजे आपले काम भागते. त्या बाजूंवर काय उमटवले आहे हे पाहण्याची कोणाला गरज वाटत नाही. परंतु पंधराव्या शतकात इटलीमध्ये अशी एक वस्तू जन्माला आली, की तिचे सारे मर्म या दोन बाजूंच्या जोडीत होते. ही वस्तू म्हणजे व्यक्तिचित्र असलेले पदक.

पदक म्हटल्यावर शाळेतला बक्षीस-समारंभ किंवा शिपायाची छाती आठवणे साहजिक आहे. पण ही पदके शर्यत जिंकल्याबद्दल वा लढाई मारल्याबद्दल दिलेली नव्हती. तळहातावर मावेल एवढी ब्राँझची किंवा शिशाची वाटोळी चकती डोळ्यांपुढे आणा. तिच्या एका अंगाला माणसाचा एका बाजूने दिसणारा चेहरा, भोवती त्याचे नाव. आणि चकती उलटली की दुसऱ्या अंगाला एखादे चित्र. सिंह, हत्ती, गरुड, एखादी देवता, नाहीतर नुसता एक डोळा! राजेरजवाडे, सरदार, पंडित आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया यांची अशी पदके होत. ती इष्टमित्रांना, दुसऱ्या दरबारांना, विद्वानांना भेट म्हणून पाठवली जात. चेहऱ्याची बाजू सांगे, हा माणूस दिसतो कसा. मागची बाजू सांगे, त्याला समजावे काय. आज आपल्याला बोलायचे आहे ते या मागच्या बाजूविषयी.

ही कल्पना आली कोठून? उत्तर सोपे आहे: जुन्या रोमन नाण्यांवरून. रोमन सम्राटांच्या नाण्यांवर एका बाजूला सम्राटाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला एखादी देवता, विजयाचे चिन्ह किंवा सद्‌गुणाची मूर्ती असे. इटलीची जमीन खणावी तेथे ही नाणी निघत. चौदाव्या शतकातल्या पेत्रार्क या कवीला ती जमवण्याचा मोठा नाद होता. 1354 साली सम्राट चौथा चार्ल्स मांतुआ शहरी आला असता पेत्रार्कने आपल्या संग्रहातली काही सोन्यारुप्याची नाणी त्याला नजर केली. त्यात ऑगस्टस सीझरचेही एक होते. नजराण्याबरोबर उपदेशही होता: ज्यांच्या गादीवर तुम्ही बसला आहात ते हे असे होते, यांच्यासारखे व्हा. म्हणजे बाजारात ज्याची किंमत सरली होती असे नाणे आता चारित्र्याचा धडा म्हणून हातात घेतले जाऊ लागले. पुढे 1390 साली पादुआच्या कार्रारा घराण्याने गमावलेले शहर परत मिळवले, तेव्हा त्या प्रसंगाची आठवण म्हणून थेट रोमन नाण्यांच्या धर्तीवर आपल्या मुखवट्यांची पदके पाडून घेतली.

तरीही पदकाची खरी सुरुवात मानतात ती 1438 सालापासून, आणि तिच्यामागे एक करुण प्रसंग आहे. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट आठवा जॉन पालेओलोगस त्या वर्षी इटलीतल्या फेरारा शहरी आला. तुर्कांचा फास त्याच्या राजधानीभोवती आवळत चालला होता. पूर्वेकडील व पश्चिमेकडील ख्रिस्ती धर्मपीठांचा जुना तंटा मिटावा आणि त्या मोबदल्यात लष्करी मदत मिळावी, ही त्याची धडपड. त्या वेळी पिसानेलो नावाच्या चित्रकाराने त्याचे पदक केले. दर्शनी बाजूला पुढे टोक काढलेली उंच टोपी घातलेला सम्राट; मागे घोड्यावर बसून वाटेवरच्या क्रुसापुढे हात जोडणारा तोच सम्राट. रोमन सम्राटांच्या या शेवटच्या वारसांपैकी एकाला, रोमन सम्राटांच्याच रीतीने, एका इटालियन चित्रकाराने धातूत बसवले. हवी तशी मदत काही आली नाही. 1448 साली सम्राट वारला आणि 1453 साली कॉन्स्टँटिनोपल पडले. राज्य गेले, पदक राहिले.

पिसानेलो आपल्या पदकांवर लॅटिनमध्ये सही करी ती "चित्रकार पिसानो याची कृती" अशी. कारागिरी ओतकामाची, पण अभिमान चित्रकाराचा! नाणे टांकसाळीत ठोकून पाडतात. पिसानेलोची पदके मात्र ओतलेली असत. दोन्ही बाजूंचे नमुने आधी मेणात घडवायचे, त्यांवरून साचा घ्यायचा, त्यात वितळलेली धातू ओतायची आणि निवल्यावर पदक घासूनपुसून साफ करायचे. मेण मऊ असल्यामुळे गालाची गोलाई, केसांची बट, घोड्याच्या पायाची ठेवण बोटांनी हवी तशी साधता येई. पदकावरून पुन्हा साचा घेऊन नवे पदक ओतले, तर धातू निवताना आक्रसते आणि नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. त्यामुळे आजही जाणकार मंडळी पदक हातात आले की पहिल्यांदा त्याचा व्यास मोजतात.

आता या मागच्या बाजूवरच्या चित्रांकडे वळू. आपल्याकडे देवळात पायाशी उंदीर दिसला की गणपती, गरुड दिसला की विष्णू, हे कोणाला शिकवावे लागत नाही. त्या काळच्या इटलीत शिकलेल्या माणसाला ग्रीक-रोमन दैवते तशीच ओळखू येत. व्हर्जिल, ओव्हिड, सिसेरो यांचे ग्रंथ तो विद्यार्थिदशेतच वाचीत असे. धनुष्य घेतलेला पंखांचा पोरगा म्हणजे मदन, चंद्रकोर म्हणजे कुमारी मृगयादेवता डायाना, हे त्याला चटकन कळे. पण एक फरक आहे. देवाचे वाहन ठरलेले असते, ते बदलता येत नाही. पदकावरचे चिन्ह निवडलेले असते. जुन्या भांडारातून काय उचलायचे, कशाला कशाची जोड द्यायची, कोणते दोन शब्द भोवती लिहायचे, हे सगळे विचार करून ठरवलेले असे. म्हणून या चित्रांना कोश उघडून एक ठराविक अर्थ लावता येत नाही. ज्याचे पदक त्याच्या आयुष्यापाशी जाऊनच अर्थ लागतो.

पहिले उदाहरण हलकेफुलके घेऊ. फेराराचा अधिपती लिओनेल्लो देस्ते याने 1444 साली आरागॉनचा राजा आल्फोन्सो याच्या मुलीशी लग्न केले. पिसानेलोने या लग्नाचे पदक केले. त्याच्या मागच्या बाजूला एक सिंह उभा आहे आणि त्याच्यापुढे छोटा मदन स्वरलिपीचा कागद धरून त्याला गाणे शिकवतो आहे! लिओनेल्लो या नावाचाच अर्थ "छोटा सिंह". मदनाने सिंहाला माणसाळवले ही कल्पना जुन्या ग्रीक-रोमन कोरीव खड्यांवरही आढळते. तीच येथे नवरदेवाच्या नावावर कोटी होऊन आली. दर्शनी बाजूवर मात्र काही आद्याक्षरे गंभीरपणे सांगतात की, हा आरागॉनच्या राजाचा जावई. सोयरिकीचा दरारा पुढे आणि प्रेमाची थट्टा मागे, अशी ही वाटणी आहे.

दुसरे पदकही पिसानेलोचेच, 1447 सालचे. माझ्या मते त्याच्या सगळ्या पदकांत ते हृदयाला जाऊन भिडणारे आहे. मांतुआच्या गोंझागा घराण्यातली चेचिलिया ही 1426 साली जन्मलेली मुलगी. व्हित्तोरिनो दा फेल्त्रे या नामांकित शिक्षकाच्या शाळेत ती आपल्या भावांबरोबर शिकली आणि अगदी लहानपणीच तिने ग्रीक भाषेत अशी गती मिळवली, की आल्यागेल्या विद्वानांनी तोंडात बोट घालावे. वडिलांनी तिचे लग्न उर्बिनोच्या तरुण अधिपतीशी ठरवले. तिला ते नको होते. तिला मठात जाऊन अध्ययन आणि उपासना यांत आयुष्य घालवायचे होते. संस्थानिकाच्या घरात मुलीचे लग्न म्हणजे राजकारण. बापाने साफ नकार दिला, मुलगीही हटली नाही. 1444 साली तो नियोजित वर कटात मारला गेला आणि त्याच वर्षी वडीलही वारले. दुसऱ्या वर्षी चेचिलियाने आपल्या आईसह मठाचा रस्ता धरला. दोन वर्षांनी हे पदक झाले.

दर्शनी बाजूला ती राजकन्येच्या पोशाखात आहे. भोवतीची अक्षरे सांगतात, "कुमारी चेचिलिया, मांतुआच्या अधिपतीची कन्या". आता पदक उलटा. निर्जन खडकाळ प्रदेश. वर चंद्राची कोर. अर्धवस्त्रा अशी एक तरुणी जमिनीवर बसली आहे आणि तिच्यापाशी लांब केसांचा एक एकशिंगी प्राणी निमूटपणे पहुडला आहे. हा एकशिंगी पशू कोणत्याही शिकाऱ्याला वश होत नाही, फक्त कुमारिकेपुढे नम्र होतो, ही समजूत ख्रिस्ती मध्ययुगातली. चंद्रकोर मात्र डायानाची, म्हणजे जुन्या रोमची. मठवासिनीच्या पदकावर एक खूण चर्चच्या परंपरेतली आणि दुसरी ओव्हिडच्या जगातली! पण त्यांत भांडण दिसत नाही. दोन्ही खुणा एकच गोष्ट बोलतात: ही मुलगी कोणाच्या ताब्यात जाणारी नाही. पुढची बाजू ती कोणाची मुलगी हे सांगते, मागची बाजू तिने स्वतः काय ठरवले हे सांगते. 1451 साली, वयाच्या पंचविशीत, ती वारली. ग्रंथांतून तिच्याविषयी चार ओळी मिळतात. पण तिचा निश्चय आजही डोळ्यांना दिसतो तो या पदकामुळे.

तिसरे उदाहरण एका पंडिताचे. लेऑन बात्तिस्ता आल्बेर्ती हा वास्तुशास्त्रज्ञ, लेखक, गणिती, चित्रकलेवर ग्रंथ लिहिणारा असा अष्टपैलू पुरुष. जन्म 1404 सालचा. फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेल्या घराण्यातला, तोही अनौरस. घराण्याच्या नावावर मिरवावे अशी सोय त्याला नव्हती. त्याचे पदक मात्तेओ दे पास्ती याने केले. मागच्या बाजूला लॉरेलच्या पानांच्या माळेत एक डोळा आहे, आणि त्या डोळ्याला पंख फुटले आहेत. पहिल्यांदा पाहणारा माणूस थोडा दचकतोच. हा डोळा कोठला? 1419 साली एका ग्रीक बेटावर इजिप्तच्या चित्रलिपीवरचा एक जुना ग्रीक ग्रंथ सापडला होता आणि त्याची चर्चा इटलीत रंगली होती. इजिप्तचे लोक देव दाखवण्यासाठी डोळा काढत, असे आल्बेर्तीने स्वतः लिहून ठेवले आहे. आपल्या एका लॅटिन संवादात तर त्याने या पंखांच्या डोळ्याचा खुलासाच केला आहे. डोळ्यासारखे सामर्थ्यवान नि चपळ काही नाही. तो सर्व अवयवांत श्रेष्ठ, जणू अवयवांतला देव. म्हणून माणसाने नित्य जागे आणि सावध असावे.

डोळ्याखाली दोनच लॅटिन शब्द आहेत. मराठीत त्यांचा अर्थ "मग काय?" असा होईल. आता हे "मग काय" कोणत्या सुरात वाचायचे? "मी अनौरस आहे, मग काय झाले?" असे की "कीर्ती मिळाली, मग पुढे काय?" असे? विद्वानांनी दोन्ही बाजूंनी लिहिले आहे. दोन्ही अर्थ आल्बेर्तीला शोभतात, आणि त्याने शब्द उघडे ठेवले यातच त्याची खुबी आहे. घराण्याची मुद्रा ज्याला वापरता येत नव्हती त्याने स्वतःची मुद्रा तयार केली. आणि ती कशाची? पाहण्याची, समजून घेण्याची.

चिन्ह तेच असून शब्द बदलला की अर्थ कसा बदलतो, याचे सुरेख उदाहरण फ्लॉरेन्समध्ये मिळते. ग्रीक पुराणातल्या तीन लावण्यदेवता एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून उभ्या असतात. मधलीची पाठ आपल्याकडे, कडेच्या दोघींची तोंडे आपल्याकडे. रोमन शिल्पांतून ही मांडणी सर्वांच्या परिचयाची झाली होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ही त्रिमूर्ती दोन पदकांवर आली. एक पदक पिको देल्ला मिरांदोला या तत्त्वज्ञाचे. त्यावर शब्द आहेत सौंदर्य, प्रीती आणि आनंद. सौंदर्य पाहून प्रीती जागी होते आणि तिचे पर्यवसान आनंदात होते, अशी फ्लॉरेन्समधल्या प्लेटोवाद्यांची शिकवण होती. हे पदक म्हणजे तिचे सूत्रच. दुसरे पदक जोव्हान्ना या तरुणीचे. 1486 साली लोरेंझो तोर्नाबुओनी याच्याशी तिचे लग्न झाले. तिच्या पदकावर देवता त्याच, उभे राहणे तेच. शब्द मात्र शील, सौंदर्य आणि प्रीती. तत्त्वज्ञाचा "आनंद" गेला आणि नववधूचे "शील" आले! समाज पुरुषाकडून काय ऐकू इच्छित होता आणि स्त्रीकडून काय, हे या एका शब्दाच्या अदलाबदलीत लख्ख दिसते. दोन वर्षांतच, 1488 साली, गरोदरपणात जोव्हान्ना वारली. गिर्लांदायो या चित्रकाराने काढलेले तिचे एक सुंदर चित्र आज माद्रिदच्या संग्रहालयात आहे. त्या चित्रातच एका चिठ्ठीवर, कलेला शील नि मन रंगवता येत नाही, अशी खंत लिहिलेली आहे. चित्राला एकच बाजू असते. त्यामुळे ती उणीव त्याने अशी शब्दांत बोलून दाखवली. पदकाला ती दुसऱ्या बाजूने भरून काढता येत होती.

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग ही पदके म्हणजे त्या माणसांच्या खऱ्या स्वभावाची आरसपानी साक्षच म्हणायची! येथे मात्र थांबले पाहिजे. रिमिनीचा सरदार सिजिस्मोंदो मालातेस्ता याने मात्तेओ दे पास्तीकडून कितीतरी पदके करवून घेतली. एका पदकावर धैर्याची देवता हत्तींच्या आसनावर बसलेली आहे. हत्ती ही त्या घराण्याची खूण. बळ आणि कीर्ती यांचा सूचक. आपल्या इमारतींच्या पायात आणि भिंतींत त्याने पदके चिणून ठेवली, हेतू हा की हजार वर्षांनी भिंत पडली तरी नाव वर यावे. पण याच पुरुषावर पोप दुसरा पायस याने इतका राग धरला, की 1462 साली रोममध्ये त्याची प्रतिमा जाहीरपणे जाळली गेली. पदक म्हणते धैर्यमूर्ती, पोप म्हणतो महापातकी. खरे काय ते इतिहासकाराने दुसऱ्या कागदपत्रांवरून ठरवायचे. पदकाचा उपयोग निराळा आहे. रिमिनीच्या ज्या चर्चचे नवे रूप आल्बेर्तीने योजले होते, त्यावर भव्य घुमट यायचा होता. तो कधी झालाच नाही. तो घुमट कसा असणार होता हे आज आपल्याला कळते ते सिजिस्मोंदोच्या 1450 सालच्या पदकावरून. झाले काय ते इमारत सांगते, मनात काय होते ते पदक सांगते.

आणि मनात जे होते ते रक्ताने माखलेलेही असू शकते. 6 जानेवारी 1537 च्या रात्री फ्लॉरेन्सचा ड्यूक आलेस्सांद्रो दे मेदिची याचा त्याच्याच नात्यातल्या लोरेंझिनोने खून केला. ड्यूक जुलमी होता, आपण शहराला स्वतंत्र केले, असा लोरेंझिनोचा दावा. त्याचे जे पदक आहे त्याच्या मागच्या बाजूला दोन खंजीर आणि मध्ये एक टोपी आहे, खाली रोमन पंचांगाप्रमाणे खुनाची तारीख. जुनी नाणी पाहिलेल्या माणसाला दुसरे काही सांगायला नको. सीझरला मारल्यावर ब्रूटसने ख्रिस्तपूर्व 42 च्या सुमारास जे नाणे पाडले त्यावर नेमके हेच होते: दोन खंजीर, गुलामाला मुक्त करताना घालीत ती टोपी, आणि मार्च महिन्यातली ती तारीख. पंधराशे वर्षांनी ते नाणे जसेच्या तसे उचलून लोरेंझिनो म्हणतो आहे, मी खुनी नव्हे, मी ब्रूटस! फ्लॉरेन्सने मात्र ते ऐकले नाही. प्रजासत्ताक परत आले नाही; मेदिचींपैकीच कोझिमो हा ड्यूक झाला आणि 1548 साली व्हेनिसमध्ये लोरेंझिनोही मारेकऱ्यांच्या हातून मेला.

श्रोतेहो, पेत्रार्कने सम्राटाच्या हातात नाणी ठेवली ती "यांच्यासारखे व्हा" म्हणून. दोनशे वर्षांच्या आत त्याच नाण्यांचा आधार घेऊन माणसे "मी त्यांच्यासारखा आहे" असे म्हणू लागली. या दोन वाक्यांतले अंतर ध्यानात ठेवले म्हणजे पदक वाचता येते. प्रतीक हा दावा असतो. तो पुरावा मानला की आपण फसतो, आणि थापा म्हणून टाकून दिला की त्या माणसाला आपली जी ओळख हवी होती ती आपल्या हातून निसटते. चेचिलियाचा दावा तिच्या आयुष्याने खरा केला, लोरेंझिनोचा त्याच्या काळाने मान्य केला नाही. चिन्हे दोघांचीही जुन्या जगातून उसनी घेतलेली; पण त्यांची किंमत पुढे ज्याने त्याने आपल्या वागण्याने चुकवली.

लंडन, वॉशिंग्टन, फ्लॉरेन्स येथील संग्रहालयांत आज ही पदके पाहायला मिळतात. पुष्कळदा ती काचेखाली, चेहरा वर करून मांडलेली असतात आणि मागची बाजू दिसत नाही. पुस्तकात त्यांची छायाचित्रे मिळाली तर मात्र दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. चेहरा ओळखीचा झाला की पान उलटू नये. दुसऱ्या बाजूला काय काढले आहे, आणि त्या माणसाने नेमके तेच का निवडले, हा प्रश्न विचारावा. खरी ओळख तेथून सुरू होते.